पाहुणा जाईपर्यंत

व्लादिवोस्तोक
१६ ऑक्टोबर १९९४, रविवार

प्रिय रिम्मा,

आज आजीचा नववा दिवस. सकाळी धुकं होतं, मग वारा सुटला. बसने कब्रस्तानात जाऊन आले. मातीवर ठेवलेल्या फांद्या वाऱ्याने सरकल्या होत्या, त्या नीट लावल्या. घरी येऊन तव्यावर पातळ ब्लिनी घातल्या, गव्हाची मध घालून खीर केली. जेवायला मासळीच्या कारखान्यातल्या तिच्या दोन मैत्रिणी आल्या आणि आमच्या बिनतारी केंद्राचे जुने प्रमुख फोमा इग्नातिच आले. त्यांना आता जिना चढवत नाही, तरी आले. दुपार कलायच्या आत सगळे गेले. भांडी घासून झाली आहेत.

तू येऊ शकली नाहीस हे मनाला लावून घेऊ नकोस. पेत्रोझावोद्स्क काही शेजारच्या गल्लीत नाही आणि विमानांचं हल्ली काय चाललंय ते मलाही कळतं. आजीने तुझ्याबद्दल तक्रार केली नाही. शेवटच्या आठवड्यात तिने कुणाबद्दलच तक्रार केली नाही, त्यावरूनच मी ओळखलं की आता ती राहत नाही. मला ती एरवी क्लावदिया म्हणायची आणि राग आला की बाईसाहेब. शेवटचे दोन दिवस 'पोरी' म्हणत होती. जास्त बोलली ती तुझ्या पप्पांबद्दलच. आज जेवताना तिच्या मैत्रिणीने पुन्हा तीच गोष्ट काढली, "स्तेपानिदाचं एक बरं झालं बाई. तिच्या गेनाला तिची वाढदिवसाची तार मिळाली. मग गेला." सगळ्यांनी माना हलवल्या. फोमा इग्नातिचनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटात पाहायला लागले. त्यांना पोहोचवायला खाली गेले तर दाराशी थांबून म्हणाले, "क्लावा, आता तुला कोण अडवतंय?" मी वर आले आणि लिहायला बसले.

तुला एवढंच माहीत आहे की पप्पांचं जहाज व्हिएतनाममध्ये हायफाँगच्या बंदरात अडकलं आणि ते तिथे बॉम्बहल्ल्यात गेले. आणि त्या महिन्यात मी विचित्र वागले, हेही तुला माहीत आहे. शाळेत तुला पायोनियरांच्या बालसंघटनेत घेतलं, गळ्यात लाल रुमाल बांधला, तू दारात माझी वाट पाहत उभी राहिलीस आणि मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लग्नाच्या आधी तू एकदा ते बोलून दाखवलंस. तेव्हा मी विषय बदलला. मला बोलायला जमत नाही. लिहायलाही फारसं जमत नाही, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द घेतले आणि पुढे दिले, तेवढंच काम केलं.

आमचं बिनतारी केंद्र टेकडीवर होतं, तुला आठवत असेल. जहाजांकडून येणाऱ्या तारा उतरवायच्या, त्यांना जाणाऱ्या पाठवायच्या. सरकारी असोत, घरच्या असोत. कानात ऐकू येणारी टिकटिक सगळ्यांना सारखीच वाटते, पण आम्हाला माणूस कळायचा. जसं अक्षर असतं तसा प्रत्येकाचा हात असतो. 'आमगुन' जहाजावर, म्हणजे पप्पांच्या जहाजावर, अर्काशा बोंदार होता. त्याचा हात फार घाईचा. मी त्याला विचारायची, "अर्काशा, मागे कुत्रं लागलंय का?" आणि तो उत्तर द्यायचा, "कुत्रं नाही, कॅप्टन." असल्या गप्पांना मनाई होती. सगळेच मारायचे.

बहात्तर साली नऊ मेला विजयदिनाची सुट्टी होती, पण माझी पाळी होती. खाली शहरात बँड वाजत होता. त्या दिवशी अमेरिकेच्या विमानांनी हायफाँगच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग टाकले. तिकडचं युद्ध कधीपासून चाललेलं, आमची जहाजं तिथल्या लोकांसाठी पीठ, ट्रक आणि आम्ही ज्याबद्दल विचारत नसू असं आणखी काही घेऊन जायची. सुरुंग टाकून त्यांनी जाहीर केलं की हे तीन दिवसांनी जिवंत होतील, ज्यांना निघायचंय त्यांनी तोवर निघावं. आणि त्याच महिन्यात त्याच अमेरिकेचा अध्यक्ष मॉस्कोला पाहुणा म्हणून यायचा होता. असा पाहुणा मॉस्कोला याआधी कधीच आला नव्हता. तिथे रस्ते धुणं, भिंती रंगवणं चाललं होतं म्हणे.

'आमगुन'च्या कॅप्टनची तार मीच उतरवून घेतली. निघू की थांबू, एवढंच. नदीतून बाहेर काढणारा तिथला वाटाड्या जहाजावर तयार बसलाय, भरती संध्याकाळी आहे, कळवा. मी ती वर पाठवली. त्या दिवशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी आलं, थांबा, कळवतो. मी घरी आले की आजी विचारायची, "काय म्हणतायत तुझे वरचे?" मी म्हणायची, विचार करतायत. आजी म्हणायची, "करू देत. तिकडे बॉम्ब टाकणारे काही विचार करत नाहीत, तेव्हा कुणीतरी करायला हवा."

केंद्रावर जहाज कंपनीच्या राजकीय विभागाचे स्विरिदोव रोज येऊन बसायचे. माणूस वाईट नव्हता. फोमा इग्नातिच त्यांना चहा द्यायचे आणि भांडायचे. फोमा म्हणाले, "पाहुण्याला येऊ नको म्हणून सांगा. आपल्या दारात सुरुंग पेरतो आणि आपल्याच घरी जेवायला येतो, ही कुठली रीत?" स्विरिदोव म्हणाले, "आणि मग? येऊ नको म्हटलं की तो घरी बसून आणखी चार रॉकेटं बांधणार. मग आपण सहा बांधायची. त्यापेक्षा एका टेबलाशी बसलेला बरा." "मग जहाजं काढा तिथून." "सगळी जहाजं शेपूट घालून पळाली तर तो टेबलाशी जिंकलेला म्हणून बसेल. आणि आपल्यातल्या एखाद्या पोराने बंदूक उचलून त्याच्या विमानावर झाडली, तर टेबलच राहणार नाही." फोमा इग्नातिचनी कप खाली ठेवला. "म्हणजे पळायचं नाही आणि हातही उगारायचा नाही. टोपी ठेवून जागा धरतात तशी माणसं ठेवायची तिथे." स्विरिदोव म्हणाले, "हो, तसंच. तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग, मी आज वर कळवतो." फोमा इग्नातिचनी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला.  मी त्यावर नंतर वर्षानुवर्षं विचार केला आहे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. धक्क्यावरच राहा, माल शांतपणे उतरवत राहा, कुरापतीला निमित्त देऊ नका. असले हुकूम एरवी आकड्यांच्या सांकेतिक भाषेत जायचे, आम्हाला काय पाठवतोय ते कळायचंही नाही. हा मात्र साध्या रशियनमध्ये पाठवायचा होता, तोही तीनदा. मी फोमा इग्नातिचना विचारलं, चूक तर नाही ना? ते म्हणाले, "चूक नाही. हे 'आमगुन'ला सांगतच नाहीयेत. जे कान लावून बसलेत त्या अमेरिकनांना सांगतायत." मी तीनदा पाठवला. अर्काशाने तीनदा घेतला. शेवटी त्याने स्वतःहून विचारलं, "क्लावा, खरंच?" मी म्हटलं, "खरंच." मग थोड्या वेळाने पप्पांची घरची तार आली. ती मला अजून पाठ आहे. 'मुक्काम वाढला. मी आता सासरी आलेला जावई झालोय, जा म्हणत नाहीत आणि राहा म्हणत नाहीत. मालकोठ्यांच्या झाकणांवर झेंडा रंगवतोय, वरून दिसावा म्हणून. रंग कमी पडला तर आईची लाली पाठव.' आजी कधी लाली लावायची नाही. ती म्हणाली, "गाढव आहे. जीव जाईल तरी थट्टा सुटायची नाही." आणि तार घडी घालून खिशात ठेवली.

त्यानंतरचा आठवडा तसाच गेला. जहाज जागेवर आणि आम्हीही जागेवर. सुरुंग जिवंत झाले होते, आता कुणी म्हटलं असतं तरी निघता आलं नसतं. दिवसाआड हल्ले होत होते. अर्काशा थोडक्यात सांगायचा, आज गोदाम, आज पूल, आम्ही ठीक. इकडे रेडिओवर पाहुण्याच्या दौऱ्याच्या तयारीच्या बातम्या. बसमध्ये लोक हळू आवाजात बोलायचे, येतो की नाही. मला वाटायचं, येऊ दे. तो आला की निदान तेवढे दिवस त्यांची विमानं जपून उडतील. म्हणजे बघ, मीही त्याच तराजूत घालून बघत होते.

एकोणीस मेला शुक्रवार होता. तू सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलीस आणि जाताना म्हणालीस, लवकर ये, रुमाल तू सोडायचास, मी नाही सोडणार. दुपारी 'आमगुन'ने हाक दिली. हात अर्काशाचा होता, पण सावकाश, शाळेत पहिल्यांदा शिकतो तसा. त्याने विचारलं, "कोण आहे?" मी नाव सांगितलं.  मग म्हणाला, "क्लावा, ऊठ. दुसऱ्या कुणाला तरी बसव." रिम्मा, तिथेच मला कळलं. शेजारी पाळीवरची दुसरी मुलगी झोया होती, तिला बसवता आलं असतं. मी उठले नाही. मी म्हटलं, "घेते. पाठव." त्याने पाठवलं आणि मी उतरवलं. सकाळच्या हल्ल्यात धक्क्याजवळ बॉम्ब पडला, तुकडा लागून तिसरे इंजिनिअर गेन्नादी अफानास्येविच जागीच ठार, दोघे जखमी, जहाजाला भोकं, पाणी आटोक्यात. माझं अक्षर कुठेही बिघडलं नाही. खाली वेळ टाकली, सही केली आणि कागद फोमा इग्नातिचच्या टेबलावर ठेवला. मग बॅटऱ्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे आम्लाचा वास असतो, कुणाचेही डोळे लाल होतात.

स्विरिदोव तासाभरात आले. टोपी हातात धरली होती आणि ती घालायचीच विसरले, शेवटपर्यंत हातातच होती. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "क्लावदिया तिखोनोव्ना, पाहुणा सोमवारी येतोय. तो जाईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी छापलं की त्यांनाही कडक बोलावं लागेल, आपल्यालाही. मग जे व्हायचंय ते होणार नाही. निषेध करणार आहोत, पण बंद पाकिटात. घरीसुद्धा नाही." फोमा इग्नातिच ओरडले, "अरे, बायको आहे ती त्याची! घरी त्याची आई आहे!" स्विरिदोव म्हणाले, "म्हणूनच घरी नाही. आई रडली की अख्खी इमारत ऐकेल." आणि मग मला म्हणाले, "तुम्हाला हवं तर मी विश्रामगृहात जागा देतो. तुम्ही आजारी आहात असं सांगू." मी म्हटलं, मुलीला आज रुमाल मिळालाय, घरी जायचंय. पप्पा तिकडेच, जहाजाच्या थंड कोठीत, पुरवठ्याच्या सामानाशेजारी होते. बंदर बंद, त्यांना आणणार तरी कसं? तेही पाहुणा जाईपर्यंत तिथेच.

घरी तू दारातच उभी होतीस. आजीने कोबी भरून पिरोगी भाजल्या होत्या. तुझा रुमाल मी सोडला, पण गाठ सुटेना, आणि तू म्हणालीस, आई, तुझे हात किती गार आहेत. मी तुझ्याकडे पाहिलं नाही ते खरं आहे. पाहिलं असतं तर मला जमलं नसतं. तुझे डोळे त्यांचे आहेत.

आपल्याकडे माणूस गेला की आरशावर फडकं टाकतात, ग्लासावर पावाचा तुकडा ठेवतात, काळं नेसतात. मला त्यातलं काहीच करता येत नव्हतं. एका खोलीत आपण तिघी, मध्ये एक पडदा. रडायला जागा म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली न्हाणी. नळ सोडून बसले की बाहेरून शेजारीण दार बडवायची, "क्लावदिया, अंघोळ करतेयस की समुद्र भरतेयस?" मी बाहेर यायची, तोंड पुसायची आणि बटाटे सोलायला घ्यायची.

आता आजीची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मी कुठे सापडले होते ते तुला कळेल. तुझे आजोबा मोठ्या युद्धात गेले, ते तुला माहीत आहे. गेल्याचा कागद गावात हिवाळ्याच्या सुरुवातीलाच आला होता. टपालवाली मात्र्योना हिने तो आजीला दिला नाही. लहान पोर पदरात, घरात दाणा नाही, वसंत येऊ दे मग देते, असा तिने दयेने विचार केला. तो सगळा हिवाळा आजी नवऱ्याला पत्रं लिहीत होती, मोजे विणून पाठवत होती, आणि मात्र्योना ते हातात घेत होती. वसंतात आजीला कळलं. त्यानंतर मात्र्योना जिवंत होती तोवर आजी तिच्याशी बोलली नाही, रस्त्यात दिसली की पलीकडे जायची. "मेलेल्याला मोजे विणायला लावले तिने मला," म्हणायची. "मला माझं रडं वेळेवर नाही मिळालं." हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. आणि आता ती माझ्यासमोर बसून गेनाच्या वाढदिवसाचा मजकूर ठरवत होती.

पप्पांचा वाढदिवस सव्वीस मेला. दरवर्षी आजी तार पाठवायची आणि मीच ती पाठवायची. तिने मला कागद पेन्सिल घ्यायला लावली आणि सांगितलं, लिही. 'बाळा, चौतीस झाले. आता तरी टोपी घालत जा. खोली रंगवून ठेवते. रिम्माला रुमाल मिळाला. लवकर ये. आई.' मी लिहून घेतलं. तिने विचारलं, "किती शब्द झाले? जास्त झाले का?" मी म्हटलं, नाही आई, बरोबर आहेत. ती म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय? तिकडे काही झालंय का? बोल, मी काही लोण्याची नाही." तिथे मी तोंड उघडलं होतं, रिम्मा. खरंच उघडलं होतं. पण तू पडद्यामागे वही घेऊन बसली होतीस, भिंतीपलीकडे शेजारी होते, आणि टेलिव्हिजनवर पाहुणा विमानातून उतरत होता. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

सव्वीस तारखेला मी तो कागद केंद्रावर नेला. फोमा इग्नातिच म्हणाले, "ठेव बाजूला. पाठवली म्हणून सांग." स्विरिदोव म्हणाले, पाठवायला हरकत नाही, उलट बरंच, आणि उत्तरही तुम्हीच काहीतरी लिहून न्या, म्हातारीला संशय नको. उत्तर मी लिहिणार नाही असं मी त्यांना सांगितलं. आयुष्यात वरच्यांना मी एवढं एकदाच म्हटलं असेन. मग यंत्रावर बसले आणि पाठवली. अर्काशाने सगळी घेतली, 'टोपी' हा शब्द त्याने दोनदा विचारला, आणि शेवटी 'मिळाली' अशी पोच दिली. घरी येऊन मी आजीला सांगितलं, जहाजावर मिळाली. "आणि उत्तर?" मी म्हटलं, हवा खराब आहे, आवाज नीट येत नाही. ती म्हणाली, "मॉस्कोहून त्या पाहुण्याचा घोट गिळल्याचासुद्धा आवाज येतो, आणि माझ्या पोराला तेवढी हवा खराब." दुसऱ्या दिवशी टेलिव्हिजनवर ते कागदावर सह्या करताना दाखवत होते. रॉकेटं अमुकच बांधायची, जास्त नाहीत. ग्लासं उचलली. तू म्हणालीस, आई, आता युद्ध होणार नाही ना? मी म्हटलं, नाही.

त्याबद्दलही एक सांगते. मला त्या सह्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण स्विरिदोव खोटं बोलत नव्हते. तू मोठी झालीस, तुझ्या डोक्यावर काही पडलं नाही, तुझी मुलं आहेत. त्यात त्या टेबलाचा किती वाटा आणि नुसत्या नशिबाचा किती, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तिकडच्या लोकांवर पुढेही बॉम्ब पडतच राहिले. मी बावीस वर्षं एका बाजूला ते ठेवून पाहते, दुसऱ्या बाजूला तुझे पप्पा ठेवते. काटा थांबत नाही.

पाहुणा गेला आणि दोन दिवसांनी स्विरिदोव आपल्या खोलीत आले. बरोबर कंपनीचा आणखी एक माणूस आणि डॉक्टरीणबाई. कागदावर लिहिलं होतं, कर्तव्य बजावताना, ३१ मे. मी काही म्हणायच्या आत आजीने कागद हातात घेतला आणि चष्मा लावून वाचला. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती खुर्चीवर बसली, कागद मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे चौतीस झाले त्याला. माझी तार मिळाली त्याला. मी या वेळी मेलेल्याला नाही लिहिलं." आणि मग रडली. तिने तारखेला धरून रडायला सुरुवात केली होती. स्विरिदोवनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं. ते मान खाली घालून बाहेर गेले.

पाहुणा गेल्यावर माझं तोंड मोकळं होणार होतं ना? झालं नाही. आता मला कुणी मनाई केलेली नव्हती, पण मी खरं सांगितलं असतं तर तिच्या हातातलं तेवढंच काढून घेतलं असतं, आणि शिवाय मीच तिची मात्र्योना झाले असते. म्हणून गप्प राहिले. आधी देशासाठी म्हणून, मग तिच्यासाठी म्हणून. जूनमध्ये त्यांची जस्ताची शवपेटी विमानाने आली. ती उघडू दिली नाही. एकतीस मेला दरवर्षी त्यांच्या नावाने ब्लिनी व्हायच्या, तू खाल्ल्या आहेस. एकोणीस मेला मी कामाची पाळी मागून घ्यायची.

'आमगुन' दुसऱ्या वर्षी सुटलं. अर्काशा उतरल्या उतरल्या केंद्रावर आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बुटका, टकलू माणूस, जिना चढून धापा टाकत होता. नाव सांगायच्या आधीच मला म्हणाला, "कुत्रं लागलंय मागे." आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. त्याने सांगितलं की आजीची तार घेतल्यावर तो कागद घेऊन बसून राहिला. तार ज्याच्या नावाची त्याच्या हातात द्यायची, हा जहाजावरचा नियम. दुसऱ्याकडे द्यायची नाही, फाडायची नाही. कॅप्टन म्हणाला, फाइलला लाव. अर्काशाने कॅप्टनकडून त्या थंड कोठीची किल्ली मागून घेतली, खाली गेला आणि तिथे उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. टोपी, खोली, रुमाल, सगळं. मग घडी घालून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. "पोच मी त्यानंतर दिली असती तर जास्त बरोबर झालं असतं," तो म्हणाला. "पण हवा बिघडत होती, तुझं ऐकू येईनासं होत होतं." मी त्याला घरी जेवायला बोलावलं नाही. आजीने त्याला विचारलं असतं आणि त्या माणसाला खोटं बोलता आलं नसतं.

फोनवर तू म्हणालीस, वसंतात येतेस, दोघांवर मिळून एक चांगला दगड बसवू, पप्पांच्या कबरीवर कंपनीने लावलेला तो गंजका पत्र्याचा तारा काढून टाकू, आणि काय कोरायचं ते मी लिहून पाठवावं. त्यासाठी हे पत्र. आजीचं लिही, स्तेपानिदा येगोरोव्ना, १९१४ ते ८ ऑक्टोबर १९९४. पप्पांच्या नावाखाली कागदावरची तारीख घालू नकोस. २६ मे १९३८ ते १९ मे १९७२ असं कोर. कारागीर कागद मागेल आणि म्हणेल, जुळत नाही. त्याला सांग, तार माझ्या आईने स्वतःच्या हाताने उतरवली आहे. त्यांना चौतीस पूर्ण झाले नव्हते. आजी होती तोवर ती दुसरी तारीख तिची होती, मी तिला हात लावला नाही. अर्काशा आणि स्विरिदोव कुठे असतील देव जाणे, इथे आता माझ्याशिवाय आणि फोमा इग्नातिचशिवाय हे कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही दोघंही म्हातारे. तुला लगेच काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पण दगडावर खरं असू दे.

सकाळी बाजारातून कोबी आणून ठेवलाय. सवयीने दोघींपुरता आणला. आता सुरीला धार लावते आणि चिरायला बसते, आज मिठात घातला नाही तर कडू होईल.

तुझीच,
आई